दोघींच्या नावाचं पत्र

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या जनपद सभेचे सभासद, मान्यवर छोटेलालजी. ज्यांच्या गळ्याने आपल्या मोहटोल्याचं नाव नागपूर-मुंबईपर्यंत नेलं, त्या आजच्या प्रमुख पाहुण्या शामकलाबाई. उद्यापासून या शाळेचा भार ज्यांच्या खांद्यावर येणार आहे ते, वयाने माझ्यापेक्षा लहान आणि वक्तशीरपणात माझ्यापेक्षा मोठे, रामलालजी गुरुजी. पुढे सतरंजीवर बसलेली वडीलधारी मंडळी, डाव्या हाताला बसलेल्या माझ्या आयाबहिणी, आणि आत जागा मिळाली नाही म्हणून खिडकीच्या गजांना लोंबकळणारी माझी विद्यार्थिसेना. सर्वांना मनिराम टेंभऱ्याचा नमस्कार.

आज तीस एप्रिल, माझ्या निरोपाचा दिवस. उद्यापासून आपलं राज्य नवं आणि रामलालजींची शाळाही नवी. जुन्यात राहिलो तो मी एकटा. तेरा वर्षांपूर्वी बिरसीहून एक ट्रंक आणि एक छत्री घेऊन या गावात आलो. ट्रंक अजून आहे. छत्री कोणी नेली ते मला ठाऊक आहे, आणि तो गृहस्थ या सभेत बसला आहे. पण आज आनंदाचा दिवस, नाव घेत नाही.

दोन तासांपासून तुम्ही माझी स्तुती करताय. माणूस मेल्यावर बोलतात तेवढं चांगलं तुम्ही मी जिवंत असताना बोललात, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अध्यक्ष महाराज बोलले, रामलालजी बोलले, सरपंच बोलले, आणि प्रत्येकाच्या भाषणात एक वाक्य आलंच आलं. ‘मनिराम गुरुजींनी शामकलाबाईंसारखा हिरा चिखलातून वर काढला.’ दर वेळी तुम्ही टाळ्या वाजवल्या. दर वेळी मी खाली पाहिलं. तुम्हाला वाटलं, गुरुजी विनयी आहेत.

मी विनयी नाही हो. मला लाज वाटत होती.

या शालीबद्दल, या नारळाबद्दल आभार मानण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती या सभेत कोणालाच माहीत नाही. एका माणसाला काल संध्याकाळी सांगितली, तेवढंच. शामकलाबाई, तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही माझ्यासाठी नागपूरहून आलात, मला बाप मानता, आत्ता सगळ्यांदेखत माझ्या पाया पडलात. ही गोष्ट ऐकल्यावर तुम्ही माझ्याशी बोलाल की नाही, मला माहीत नाही. पण ती न सांगता मी गावाची वेस ओलांडली, तर ते तुमच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलणं होईल. म्हणून सांगतो. मध्ये उठू नका एवढीच विनंती.

सत्तेचाळीस साली मी आलो तेव्हा शाळा म्हणजे पाटलांच्या गोठ्याची अर्धी बाजू होती. अर्ध्या बाजूला बैल, अर्ध्या बाजूला पहिली ते चौथी. जुलै लागला आणि एके दिवशी शाळेत बैलच तेवढे हजर. मुलं कुठे गेली म्हणून विचारत विचारत कालव्याकडे गेलो. चोरखमाऱ्याच्या तळ्याचं पाणी सुटलं होतं, धानाच्या बांध्या भरल्या होत्या आणि सारं गाव रोवण्याला, म्हणजे लावणीला लागलं होतं. मुलं पऱ्ह्यांच्या, त्या रोपांच्या पेंढ्या डोक्यावरून नेत होती. मी बांधावर, धुऱ्यावर उभा राहून शहरी आवाजात विचारलं, मुलांना शाळेत का पाठवत नाही?

ओळीतल्या एका बाईने कंबर सरळ न करताच उत्तर दिलं. ‘गुरुजी, पऱ्हे सुकून राहिले. तुमी उतरता का बांधीत? मंग धाडतो पोराईले.’

मी उतरलो. म्हणजे, रागाने उतरलो. डाव्या पायातला जोडा त्या बांधीत गेला तो आजतागायत सापडला नाही. बायका हसल्या. ती बाई मात्र हसली नाही. तिने माझ्या हातात पऱ्ह्याची जुडी दिली आणि गाण्याचा बोल उचलला.

ती वच्छला. बकारामची बायको. वय असेल पस्तीस. तोंडावर देवीचे वण, गालात तंबाखू, आणि जीभ अशी की तहसीलदारालाही ‘बाजूले सरका’ म्हणायला कचरायची नाही. तुम्ही सगळे तिला ओळखता, मी कशाला सांगू? पण खिडकीतली ही मुलं विसरतील, म्हणून सांगतो.

रोवण्याचं गाणं कसं असतं ते शामकलाबाईंपुढे मी सांगणं म्हणजे शहाणपणाच आहे. पण पाहुणे आहेत, म्हणून दोन शब्द. ते एकटीचं गाणं नाही. ओळीच्या एका टोकाची बाई बोल उचलते. दुसऱ्या टोकाची तो झेलते. मग मधल्या सगळ्या धरतात. हात चालू, पाय मागे मागे, कंबर वाकलेली आणि गाणं पुढे. उचलणारी चुकली तर हात चुकतात. झेलणारी कच्ची असेल तर उचलणारीला दम खायला वेळच मिळत नाही. वच्छलाबाई बोल उचलायची; नुसती उचलायची नाही, तिथल्या तिथे बांधायची. एक बोल मला पाठ आहे. आवाज माफ करा, म्हणत नाही, नुसता सांगतो.

बांधीमंधी पानी भरला, वाट बुडून गेली,
मायघरच्या वाटेची मी खूण इसरून बसली.

आणि पलीकडून दुसरी विचारायची:

सांग बाई, सांग गं, वाट कोनती?

ओळखलंत ना? हसलात म्हणजे ओळखलंत. गोंदियाच्या बाजारात चहाच्या हॉटेलात ग्रामोफोनवर हा तवा सकाळ-संध्याकाळ वाजतो. बिडीच्या कारखान्यात बाया विडी वळता वळता हेच म्हणतात. तव्यावर नाव शामकलाबाईंचं आहे. बोल वच्छलाबाईचे आहेत.

थांबा, थांबा. बाईंनी काही चोरलं असं मी म्हणत नाही. चोर दुसरा आहे, त्याच्याकडे येतोच आहे.

शामकलाबाई त्याच वर्षी लग्न होऊन आपल्या गावात आल्या. वय सोळा. वडील लोकांची गुरं चारायचे. नवरा टिकाराम, त्याच्या घरीही ठेक्याची दोन बांध्या जमीन, दुसरं काही नाही. बाई, रागावू नका, तुम्हीच मला सांगितलं आहे: तुमच्याजवळ एकच लुगडं होतं आणि ते धुऊन अंगावरच वाळवावं लागायचं, म्हणून तुम्ही कालव्याच्या पलीकडे उन्हात उभ्या राहायच्या. कोणी विचारलं की म्हणायच्या, थंडी वाजून राहिली. भर वैशाखात.

या मुलीला एकही गाणं येत नव्हतं. पहिल्या दिवशी रोवण्याला आली ती ओळीच्या शेवटी उभी राहिली, कारण पहिल्या जागा जुन्यांच्या. वच्छलाबाईने तिला पाहिलं आणि म्हणाली, ‘नवी, तू गा. मी उचलतो, तू झेल.’ मुलगी म्हणाली, मले येत नाही. वच्छला म्हणाली, ‘मले तरी कोनं शिकवलं? इचारतेत तसा इचार. वाट कोनती, मनून इचार.’

आणि त्या मुलीने विचारलं. मी तोवर धुऱ्यावर चढलो होतो. डावा जोडा गेला म्हणून उजवा हातात होता. तो आवाज ऐकला आणि मला माझ्या मेलेल्या बहिणीची आठवण आली. का आली ते आजही सांगता येत नाही.

त्या दिवसापासून त्या दोघी. जीजी आणि नवी. कोणाचाही रोवणा असो, मालक म्हणायचा, त्या दोघी येत असतील तर दीड दिवसात उरकेल. नवीचं नाव शामकला आहे हे गावाला दोन वर्षांनी समजलं.

एकोणपन्नास सालच्या उन्हाळ्यात मी तिरोड्याला गेलो होतो. तिथे वर्तमानपत्रात वाचलं की नागपूरच्या रेडिओ केंद्राला खेड्यापाड्यातले गाणारे हवे आहेत. मी पत्र लिहिलं. इतकी चांगली गोष्ट मी आयुष्यात क्वचित केली असेल. सौ. वच्छला बकाराम आणि सौ. शामकला टिकाराम, मु. मोहटोला. दोघींचं गाणं जोडीचं आहे, असंही लिहिलं. दोघींना तसं सांगितलं आणि मग विसरून गेलो.

भादव्यात उत्तर आलं. पोस्टमनने शाळेत आणून दिलं. मुलं पाढे म्हणत होती, मी टेबलाशी उभा राहून वाचलं. केंद्राने लिहिलं होतं: ‘दोघींनी यावे. आपण सोबत आलात तर सोय होईल.’

दोघींनी यावे. एवढं स्पष्ट. गावात ते पत्र वाचू शकेल असा माणूस कोण? मी. मी तेवढा.

मंडळी, मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि विचार करू लागलो. माणसाने काही वेळा विचार करू नये. मला डोळ्यापुढे नागपूर दिसलं. खुर्च्या, गालिचे, कोट घातलेले साहेब. आणि त्यांच्यापुढे वच्छलाबाई. तोंडावर वण, गालात तंबाखू. साहेब म्हणेल, बसा. ही म्हणेल, तुमी बाजूले सरका. साहेब मला विचारेल, गुरुजी, तुम्हाला दुसरी कोणी मिळाली नाही? मला माझ्या इभ्रतीची काळजी वाटली. आणि शामकला? गोरी, नीटस, खालच्या मानेने बोलणारी. ती शोभली असती.

आता एक प्रश्न विचारतो. खिडकीतल्या मुलांनी उत्तर द्यावं. रेडिओवर माणसाचा चेहरा दिसतो का रे?

दिसत नाही. दुसरीतल्या पोराला कळतं. तेरा वर्षं तुम्हाला शिकवणाऱ्या मनिराम गुरुजीला कळलं नाही. मी रेडिओसाठी चेहरा निवडला.

दुसऱ्या दिवशी निंदण चालू होतं तिथे गेलो. म्हणालो, नागपूरहून पत्र आलं. शामकलाला बोलावलं आहे.

वच्छलाबाई गवत उपटत होती. तिने विचारलं, ‘अना माया नाव?’

मी म्हणालो, तुमचं नाव नाही, वच्छलाबाई.

तिने आणखी दोन मुठी गवत उपटलं. धुऱ्यावर टाकलं. मग म्हणाली, ‘बरा आहे. तिचा गळा नवा आहे.’

शामकलाबाई, तुम्ही तेव्हा काय म्हणालात, आठवतं? तुम्ही म्हणालात, जीजी नाही त मीबी नाही जात. तेव्हा तरी मी खिशात हात घालायचा होता. पत्र खिशातच होतं. वच्छलाबाईच तुमच्यावर ओरडली. ‘कायले नाही जात? बोलावलं तेनं जावं. दुसऱ्याच्या जेवनाले मी कायले बसू?’ आणि मला विचारलं, ‘गुरुजी, किती दिस आहेत? तिले झेलता येते, उचलता नाही येत.’ मी म्हणालो, तेरा दिवस. म्हणाली, ‘मंग होते.’

तेरा दिवस तिने या मुलीला बोल उचलायला शिकवलं. ओळीत जागा बदलली. स्वतः शेवटच्या जागेवर गेली आणि झेलायला लागली. जी बाई वीस वर्षं वाट सांगत होती, ती आता विचारायला लागली. सगळे बोल दिले. एकही मागे ठेवला नाही. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन उभा राहायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगतो. पण पहिल्या दिवशी जे सांगता येतं ते तिसऱ्या दिवशी सांगता येत नाही, आणि तेराव्या दिवशी तर आपण स्वतःच ते खरं मानायला लागतो. तुम्हीही कधीतरी खोटं बोलला असाल, तुम्हाला कळेल.

आम्ही नागपूरला गेलो. तिथली एक गंमत सांगतो. रडूबाई होऊन बोलत राहिलो तर अध्यक्ष घंटी वाजवतील. स्टुडिओत बाईंना मायकापुढे उभं केलं. आवाज येईना. साहेब म्हणाले, घाबरू नका. बाई घाबरल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘मी वाकू का?’ साहेबांना कळेना. मी समजावलं की साहेब, हे गाणं उभ्याने कधी कोणी म्हटलेलं नाही. मग तो मायक खाली, अगदी गुडघ्याएवढा खाली आणला, बाई कमरेत वाकल्या, दोन्ही हात पुढे घेतले, जसे काही हातात पऱ्हे आहेत, आणि गायला लागल्या. वाजवणारे वाजवायचं विसरले. झेलायला केंद्रातल्या दोन शिकलेल्या मुली होत्या, त्यांनी चांगलं झेललं.

त्याच वेळी इकडे काय झालं ते मला नंतर बकारामने सांगितलं. अर्धं गाव तिरोड्याला श्यामलाल सेठजींकडे रेडिओ ऐकायला गेलं होतं. वच्छलाबाई त्यांच्या अंगणात बसली होती. रेडिओतून बोल आला, मायघरच्या वाटेची मी खूण इसरून बसली. आणि ही अंगणातून मोठ्याने बोलली, सांग बाई, सांग गं. सवयीने. सेठजींच्या घरचे म्हणाले, ‘चुप बैठो बाई, सुनने दो.’ लोक हसले. ती पदर तोंडाला लावून बसून राहिली.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. महिन्याचे महिने रेडिओ. त्रेपन्न साली मुंबईला जाऊन तवा काढला. रायपूर, जबलपूर, कुठकुठल्या मंडईच्या जत्रा. पंधरा-पंधरा कोसांवरून लोक गाड्या जुंपून यायचे. एका लुगड्याची ही मुलगी गोंदियाला उतरली की स्टेशनवर माणसं हार घेऊन उभी. चौपन्न साली बाई नागपूरला राहायला गेल्या. हे सारं बाईंच्या कष्टाचं आहे. तो आवाज मी दिला नाही, कोणीच दिला नाही. त्यात खोट नाही.

जाताना बाईंनी जीजीला सांगितलं, तू माझ्यासोबत चल, दोघी मिळून गाऊ. मी तिथेच होतो. वच्छलाबाई म्हणाली, ‘मले कोनं बोलावलं? पाव्हनी बनून मी नाही गात.’ आणि उठून निघून गेली. शामकलाबाई, त्या दिवसापासून तुमच्या मनात एक गाठ बसली. तुम्ही मला एकदा म्हणालातही, की गुरुजी, जीजीच्या पोटात माझं मोठेपण दुखतं. मग तुमचं येणं कमी झालं. दिवाळीला लुगडं पाठवायच्या, पण स्वतः यायच्या नाहीत. मी तुमची ती समजूत खोडली नाही. खोडायची म्हणजे पत्र दाखवायला हवं होतं.

तिला तुमचा हेवा नव्हता, बाई. तिला वाटायचं की नागपूरच्या मोठ्या लोकांनी दोघींची नावं वाचली आणि आपल्याला नको म्हटलं. शिकलेल्यांनी नको म्हटलं म्हणजे आपला गळा खरोखरच नको असेल. ती एवढी ताठ बाई, पण कागदावर लिहिलेल्या शब्दापुढे वाकली, आणि तो शब्द कागदावर नव्हताच.

छप्पन साली ग्रामपंचायतीचा रेडिओ आला. त्या श्रावणात उदारामजींच्या बांधीत रोवणा होता. वच्छलाबाईने बोल उचलला, आपल्या जुन्या चालीत, हाताच्या वेगाने. ओळीत एक नवी सून होती, चांगली मुलगी, तिचा काही दोष नाही. ती म्हणाली, ‘काकी, तसा नोहे. रेडिओत असा नाही मनत.’ आणि तिने तव्यावरच्या संथ चालीत म्हणून दाखवलं. बाकीच्या म्हणाल्या, हो काकी, ते बरोबर आहे.

तिचाच बोल. तिला शिकवायला निघाल्या.

वच्छलाबाई काही बोलली नाही, आणि तीच गोष्ट भयंकर होती, कारण ती बोलत नाही असं कधी होत नसे. तिने जुडी घेतली आणि रोवत राहिली. त्यानंतर तीन वर्षं तिने रोवणा केला, निंदण केलं, कापणी केली. गाणं म्हटलं नाही. बायका म्हणायच्या, म्हातारी झाली, दम लागतो. मी धुऱ्यावर उभा होतो. मला माहीत होतं कशाचा दम लागतो ते.

पाणी द्या जरा कोणी. हो, आलं.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर तिला ताप धरला. खोकलाही होता. मी तीनदा तिच्या घरी गेलो. तिन्ही वेळा पत्र सोबत होतं. ठरवून गेलो होतो की वाचून दाखवायचं. पहिल्या दिवशी घरात पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी तिला झोप लागली होती. तिसऱ्या दिवशी दोन्ही सबबी नव्हत्या. ती खाटेवर टेकून बसली होती. मुलगी प्रेमिला पेज पाजत होती. वच्छलाबाई मला म्हणाली, ‘गुरुजी, एक इचारू?’

म्हटलं, विचारा.

‘त्या रेडिओवाल्याईनं माया आवाज त आयकलाच नाही. मंग तेयनं कसा ठरवला, का मी नोको?’

सभ्य गृहस्थहो, दहा वर्षं ती हा प्रश्न घेऊन जगली. दहा वर्षं. आणि ज्याला उत्तर माहीत होतं त्यालाच विचारत होती. उत्तर खिशात होतं, हात छातीवर नेला असता तर कागद हाताला लागला असता.

मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, ‘मोठ्या लोकांचं काही सांगता येत नाही, वच्छलाबाई.’

ती म्हणाली, ‘हो, खरा आहे.’ आणि पेज नको म्हणून हात केला. चौथ्या दिवशी गेली.

शामकलाबाई, तुम्ही तेराव्याला आलात. ओसरीत माझ्याजवळ बसून रडलात आणि म्हणालात, गुरुजी, जीजी मनात राग ठेवून गेली. तिथेही मी गप्प राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते आज सांगितलं.

काल संध्याकाळी मी बकारामकडे गेलो. सगळं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं. वाटलं होतं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने बराच वेळ पत्राकडे पाहिलं. वाचता येत नाही, तरी पाहिलं. विचारलं, ‘याच्यात तिचा नाव कोठं आहे?’ मी बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, ‘मले कायले सांगता गुरुजी? तिले सांगायचा होता.’

त्याचं खरं आहे. तिला सांगायला उशीर झाला. पण तुम्ही अजून आहात, शामकलाबाई. म्हणून तुम्हाला सांगतो, या सगळ्या गावासमोर सांगतो. बोलावणं दोघींना होतं. जीजीला कोणी नको म्हटलं नव्हतं. ती तुमच्यावर रागावली नव्हती, तिने तुम्हाला आपला गळा दिला आणि आपण गप्प झाली. तुमच्या दोघींच्या मध्ये जे आलं, ते रेडिओ केंद्र नाही, तवा नाही, नशीब नाही. मी आलो.

बाई, बसा ना. जाऊ नका अशा…

नाही, नाही, छोटेलालजी, त्यांना अडवू नका. जाऊ द्या. मला वाटलं होतं त्या बाहेर जातील. रामलालजी, त्यांची खुर्ची बाजूला घ्या, पायरी दिसत नाही त्यांना. बायांनो, जागा करा जरा. जीजीच्या प्रेमिलाजवळ बसू द्या त्यांना. सतरंजी नसली तरी चालेल, त्या जमिनीवर बसलेल्या आहेत जन्मभर. कोणी काही विचारू नका त्यांना आत्ता.

मी लवकर आटोपतो.

आता आभार. अध्यक्ष महाराजांनी भर उन्हात गाडी जुंपून येण्याचे कष्ट घेतले, त्यांचे आभार. रामलालजींनी हा मांडव उभा केला, त्यांचे आभार; रामलालजी, शाळेत पत्र आलं तर ज्याचं असेल त्याच्या हातात द्या आणि सगळं वाचून दाखवा, दुसरा उपदेश माझ्याजवळ नाही. तेरा वर्षं ज्यांनी मला भाजीभाकरी पुरवली, आजारपणात ज्यांनी माझी भांडी घासली, त्या सगळ्या घरांचे आभार. आणि बकाराम, तू सगळं ऐकूनही आज सभेला आलास, तुझे आभार कसे मानावे ते मला शिकवलेलं नाही.

भाषण संपवताना वक्त्याने म्हणायचं असतं की बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. ते मी म्हणतो. बोलण्यातलं पोटात घाला. पण त्या पत्राचं माफ करा असं मी तुम्हाला म्हणणार नाही, आणि तुम्ही मोठ्या मनाने म्हणालात तरी मी घेणार नाही. ते माफ करण्याचा हक्क एकाच बाईचा होता. तिने मला प्रश्न विचारला होता, आणि मी तिला उत्तर दिलं नाही.

नमस्कार.